खडूची होडी

वाचकहो, प्रस्तुत लेखकाने आजपावेतो दगडावर पुष्कळ लिहिले, परंतु कागदावर लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे. पुढील मजकुरात एका शाळेतील इतिहासाचा तास, त्या तासासाठी मैदानावर खडूने आखलेली एक होडी, आणि त्या होडीत चाळीस वर्षांनंतर पुन्हा बुडालेले एक घर, यांची हकिगत यथामती सांगितली जाईल. अलंकार कमी पडल्यास क्षमा असावी. सत्य कमी पडू नये याची मात्र काळजी घेतली आहे, आणि ती कशी घ्यावी हे मला माझ्याच मुलीने शिकविले.

माझा धंदा दगडात अक्षरे कोरण्याचा. दुकानांच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, थडग्यांवरचे दोन ओळींचे निरोप, असे सर्व काही मी कोरतो. शाळा मी लहानपणीच सोडली. भाषा जी काही आली ती छिन्नीच्या टोकातून आली, आणि म्हणूनच ती थोडी जड असेल. या धंद्यात हाताला एक सवय लागते, ती अशी की अक्षराभोवती मोकळी जागा सोडायची. गर्दीत अक्षर गुदमरते. ही सवय इतकी हाडीमासी खिळते की भाकरीचा तुकडासुद्धा मी ताटाच्या कडेपासून दोन बोटे आत ठेवतो आणि पत्नी हसते.

घरात आम्ही चौघे. मी, पत्नी, या हकिगतीच्या वेळी आठवीत असलेली मुलगी आणि माझी आत्या. आई-वडील मी तान्हा असतानाच गेले. मला वाढविले ते आत्याने. मुलगी प्रत्येक गोष्टीत उलट प्रश्न विचारते म्हणून आत्याने तिचे नाव वकीलीण पाडले, आणि तेच रूढ झाले.

माझे वडील नावाडी होते. पूल नव्हता त्या काळी गावाच्या धक्क्यावरून पैलतीरापर्यंत त्यांची होडी माणसे नेत असे. एके सकाळी ती होडी उलटली आणि पुष्कळ माणसे गेली. वडील गेले. आईही गेली. गावाने ठरविले की नावाड्याने लोभापायी माणसे कोंबली. आत्याने मला सांगितले ते वेगळे होते. नदीला अचानक लोंढा आला, त्यात कोणाचाच दोष नव्हता. आई पलीकडे कामाला निघाली होती, ती आधीपासूनच होडीत बसलेली होती. आणि मी आत्याच्या मांडीवर, घरी, सुखरूप होतो. आत्याचे हे सांगणे मी इतक्या वेळा ऐकले होते की ते मला स्वतः पाहिल्यासारखे आठवत असे.

आता त्या जागी पूल झाला आहे. पुलाच्या तोंडाशी बुडालेल्यांच्या नावांचा दगड उभारावा असे गावातल्या स्मारक-समितीने ठरविले, आणि काम माझ्याकडेच आले. समितीचे चिटणीस कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. बोलण्यात तोडून टाकणारे, मनाने वाईट नव्हेत. त्यांनी दिलेल्या नावांत आईचे नाव शेवटचे होते. वडिलांचे नव्हते.

"साहेब, एक नाव राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही, गाळलंय," ते म्हणाले. "ज्यांना बुडवलं त्यांच्या पंगतीत बुडवणाऱ्याला कसं बसवायचं, तूच सांग."

"तोही बुडालाच की."

"कप्तान बुडाला म्हणून जहाज तरंगत नाही, बाबा."

मी सर्व नावे कोरली. आईचे नाव शेवटी कोरले. परंतु तिच्या नावाखाली एका ओळीची जागा मी गुळगुळीत, कोरी सोडली. कोणी विचारले तर म्हणत असे, समास आहे. तो समास नव्हता. ती माझ्या वडिलांची वाट पाहणारी जागा होती.

आता बाईंविषयी सांगितले पाहिजे. मुलीच्या शाळेत इतिहास शिकविणाऱ्या बाई नव्याने आल्या होत्या. त्यांच्या तासाला इतिहास बसून ऐकावयाचा नसे, उभे राहून करावयाचा असे. बाके भिंतीला लागत. गेल्या सत्रात त्यांनी वर्गात दुष्काळ पाडला. प्रत्येकाला मूठभर खडे दिले, हे तुमचे धान्य म्हणाल्या, आणि आमच्या वकीलिणीला शेतसारा वसूल करणारी कारभारीण केले. त्या दिवशी ती घरी येऊन जेवेना.

"काय झालं ग?" तिच्या आईने विचारले.

"मी आज चौघांना उपाशी मारलं."

"मग आता तरी जेव. कारभाऱ्यांचं पोट त्यामुळे बिघडत नसतं."

ती हसली नाही. रात्रभर कुशी बदलत राहिली, आणि सकाळी उठून तिने मला साऱ्याचे नियम, तेव्हाचे भाव व लोक गाव सोडून का गेले ते सर्व असे सांगितले, की जणू ती स्वतः एका गाठोड्यानिशी निघाली होती. माझ्या शाळेत इतिहास म्हणजे सनावळी होती. चुकली की छडी. मला एकही सन आठवत नाही, छडी आठवते.

बाईंच्या वर्गात एक खुर्ची होती. तिच्यावर जो बसेल तो जुन्या काळचा माणूस होई आणि 'मी' म्हणून बोले. इतरांनी त्याला काहीही विचारावे. नियम एकच होता. उत्तर पुराव्याला धरून द्यावयाचे, पुरावा नसेल तर तसे सांगावयाचे, आणि पुरावा असेल तर तोंड फिरवावयाचे नाही.

मी विचार केला की माझ्या वडिलांना न्याय मिळेल तर याच खुर्चीत. चिटणीसांना जाऊन म्हणालो, "शाळेची मुलं होडीचा शोध घेतील. ती जे काढतील ते मान्य कराल?"

ते हसले. "पोरं? बरं. मोठ्यांनी चाळीस वर्षांत काही शोधलं नाही, पोरांना बघू दे."

बाई मात्र हसल्या नाहीत. "काका, माझी एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवंय उत्तर, आणि माझ्याकडे आहेत प्रश्न. मुलांना काय सापडेल ते मी आधी सांगू शकत नाही. शिवाय नावाड्याच्या खुर्चीत तुमचीच मुलगी बसायचं म्हणतेय. मी तिला दुसरं काम देऊ का?"

"नको. तिलाच बसू द्या," मी म्हणालो. "सत्याला भय कसले?"

हे वाक्य मी एका कोनशिलेवर कोरले होते. कोरताना त्याचा अर्थ कळला नव्हता.

बाईंनी होडी मैदानावर खऱ्या मापाची आखावयाची ठरविली, म्हणजे किती माणसे मावतात हे पायांनीच कळेल. ते काम मी मागून घेतले. आत्या सांगे तशी, लांबरुंद, डौलदार होडी मी आखली. तिच्यात अर्धा वर्ग आरामात बसला असता. मुलांनी मला छिन्नीकाका म्हणून टाळ्या दिल्या. त्यांतला एक चष्मेवाला मुलगा मात्र रेघेवरून पावले टाकीत फिरला आणि म्हणाला, "काका, एवढी होती कशावरून?"

"माझ्या वडिलांची होडी होती, बाळा."

"हो, पण कशावरून?"

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाला जुन्या धक्क्यावर घेऊन गेल्या. तेथे दोन दगडी खांब अद्याप उभे आहेत. होडी त्यांच्यामध्ये येऊन बसत असे, हे सर्व वृद्धांना ठाऊक आहे. मुलांनी दोरी धरून मधले अंतर मोजले, परत आली, आणि माझ्या होडीच्या आत दुसरी होडी आखली. ती चहूबाजूंनी आत आली होती. दोन रेघांच्या मधली जागा पाहून मला माझीच सवय ओळखू आली. मी वडिलांभोवती मोकळी जागा सोडली होती. बाहेरची रेघ मी स्वतः पायाने पुसली. राग आला होता, हे नाकारीत नाही.

दरम्यान मुलांनी एक साक्षीदार शोधून काढला. त्या होडीतून वाचलेले धोबीबाबा. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत, ऐकायला कमी येई, आणि आजवर त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. मुले रोज दोन-दोन करून त्यांच्याकडे गेली आणि ऐकलेले वर्गात सांगत राहिली. घरी मात्र वकीलीण एक अक्षर बोलेना. "बाई म्हणाल्यात, तपास पुरा होईपर्यंत निकाल नाही," एवढेच.

आत्याला मी म्हणालो, "तूही चल. भावाचं नाव निघतंय, बघायला नको?"

ती कपड्याला काज करीत होती. सुई थांबली. "जुनं उकरून काय मिळतं रे? माती."

"या वेळेला दगड मिळेल," मी थट्टेने म्हणालो. तिने माझ्याकडे असे पाहिले की थट्टा तेथेच सुकली. परंतु ती आली.

तो दिवस लख्ख होता. मैदानाच्या कडेला चिटणीस, आत्या, मी आणि धोबीबाबा बाकावर बसलो. खडूच्या होडीच्या टोकाशी खुर्ची ठेवली होती, आणि खुर्चीत हातात बांबू घेऊन माझी मुलगी बसली होती. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, आणि चेहरा अगदी गंभीर. वडिलांचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. त्या क्षणी मला वाटले, असेच दिसत असतील.

मुले एकेक करून होडीत चढू लागली. प्रत्येकाने आपण कोण ते सांगितले: मी विणकर, मी सुईण, मी शाळेत निघालेला मास्तर. दप्तरे गाठोडी झाली. होडी भरत गेली, खांद्याला खांदा लागला, कोणी कोणाच्या पायावर पाय दिला आणि हशा झाला.

"आता पाणी कुठवर होतं, बाबा?" बाईंनी धोबीबाबांना मोठ्याने विचारले.

"काठाखाली वीतभर," ते म्हणाले. "भरलेली होती, पण चालत होती. नेहमीच तशी असायची. त्याला अंदाज होता. वर एक माणूस घेत नसे."

मी चिटणीसांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. वाचकहो, त्या क्षणी ती कोरी ओळ मला भरलेली दिसली. अक्षरे कोणत्या वळणाची काढावी हेही मी ठरवून टाकले.

"त्या भांडेवाल्याचं सांगा ना," चष्मेवाला म्हणाला.

"हो. एक भांड्यांचा फेरीवाला धक्क्यावरून हाका मारत होता. मला घ्या, मला घ्या. नावाडी म्हणाला, पुढच्या खेपेला ये. तो शिव्या देत बसला. वाचला बिचारा." धोबीबाबा थांबले. "मग आम्ही निघालो. आणि मग होडी फिरली."

"फिरली म्हणजे?" हे मी विचारले. प्रेक्षकांनी बोलावयाचे नव्हते.

"माघारी. धक्क्याकडे. एक बाई धावत आली होती, कडेवर पोर. तिला घ्यायला."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग एका मुलीला खूण केली. ती दप्तर छातीशी धरून पुढे आली. चढायला जागाच नव्हती. ती होडीच्या कडेवर उभी राहिली. अर्धे पाऊल रेघेच्या आत, अर्धे बाहेर. तिला सावरायला सगळे एका अंगाला कलले.

"तसंच," धोबीबाबा म्हणाले. "अगदी तसंच. ती बाजू खाली गेली."

कोणी हसले नाही. एका मुलाने हळूच विचारले, "ती बाई कोण होती?"

"ते मला नाही माहीत, बाळा. मी तेव्हा गावात नवा होतो, ओळख होडीपुरतीच."

तेव्हा आत्या उठली. उभे राहायला तिला बाकाचा आधार घ्यावा लागला.

"ती माझी वहिनी होती," ती म्हणाली. "नावाड्याची बायको."

"आजी, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "इथेच थांबवूया आपण."

"नको थांबवू, बाई. पोरांनी एवढं शोधलंय." ती मुलांकडे बघून बोलत होती, माझ्याकडे नाही. "पोराला ताप होता. डोळे फिरवत होतं. दवाखाना पलीकडे. वहिनी म्हणाली, दुसऱ्या खेपेला जाते. मीच म्हटलं, होडी अजून दिसतेय, धाव, तो तुझ्यासाठी वळवेल. मीच ढकललं तिला दारातून."

मांडीवर मी नव्हतोच. कडेवर होतो.

वाटले की आता खेळ मोडेल, मुलांना वर्गात नेतील. परंतु चष्मेवाल्याचा प्रश्न राहिला होता. तो मुलगा दुष्ट नव्हे, हे येथे नमूद करतो. त्याने खुर्चीला विचारले, "नावाडीदादा, होडी भरलीय हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं," माझी मुलगी म्हणाली.

"मग का वळवलीत?"

"धक्क्यावर माझी बायको होती. आणि मुलगा."

"दुसऱ्या कोणाची बायको असती तर वळवली असती?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी मनात म्हणालो, म्हण पोरी, पुरावा नाही म्हण; एवढेच म्हण आणि ऊठ. बाईंनीही म्हटले, "थांबायचं असेल तर थांब, बाळा."

तिने बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"भांडेवाल्यासाठी नाही वळवली," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणासाठी नसती वळवली."

मग तिचे डोळे वाहू लागले, पण ती खुर्चीतून उठली नाही, कारण साक्ष संपली नव्हती. धोबीबाबांना नीट ऐकू आले नसावे. ते आपल्याच तंद्रीत बोलत राहिले. "पाण्यात त्याने पोर माझ्याकडे दिलं. हात वर करून, असं. म्हणाला, हे धर. मी एका हाताने पोहलो. धक्क्यावर एका बाईने माझ्या हातातून ओढून घेतलं त्याला. तो बायकोसाठी परत फिरला होता, तेवढं पाहिलं. पुढचं नाही पाहिलं. त्या पोराचं काय झालं कोणास ठाऊक."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते.

वर्गाने आपले म्हणणे लिहून समितीला दिले. त्यात असे होते की होडी लोभापायी भरलेली नव्हती, हे गावाचे म्हणणे चूक. परंतु नावाड्याने स्वतःचा नियम स्वतःच्या माणसांसाठी मोडला आणि त्यामुळे होडी उलटली, हे खरे. नाव कोरावे की नाही, याविषयी मुलांनी काही लिहिले नाही. बाईंनी त्यांना सांगितले होते की तो प्रश्न इतिहासाचा नाही, आपला आहे.

चिटणीस माझ्या कारखान्यात आले. दगडावरून हात फिरवीत उभे राहिले.

"कोर त्या ओळीत," ते म्हणाले. "माझी ना नाही. बायकोपोरासाठी कोणीही... आम्ही काय दगडाचे आहोत का?"

मी छिन्नी घेतली. पहिल्या अक्षराची उभी रेघ आखलीसुद्धा. मग वरची नावे वाचली. विणकर, सुईण, मास्तर. कोरताना ती अक्षरे होती. आता त्यांच्या जागी मुले दिसत होती, खांद्याला खांदा लावून, आणि ती सगळी माझ्या एका तापासाठी कलली होती. ज्यांनी मला पाण्यावर धरले त्यांचे नाव या लोकांच्या खाली मी, मीच, कोणत्या हाताने कोरू? मी छिन्नी ठेवली. आखलेली रेघ ओल्या फडक्याने पुसली.

आत्या त्या दिवसापासून फार बोलत नाही. मी तिला म्हणालो, "तू माझ्यासाठीच म्हणालीस ना धाव म्हणून." ती म्हणाली, "म्हणूनच तर." धोबीबाबांकडे मी एकदा गेलो. सांगितले, ते पोर मी. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारले, "ताप उतरला होता का मग?" मी म्हणालो, उतरला.

दगड पुलाशी उभा राहिला तेव्हा वकीलीण माझ्याबरोबर आली. माझ्या आईच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर तिने बोट ठेवले.

"बाबा, मी चुकले का?"

"नाही."

"मला 'पुरावा नाही' म्हणता आलं असतं. सगळ्यांनी ऐकून घेतलं असतं."

"मग का नाही म्हणालीस?"

"भांडेवाला होता ना," ती म्हणाली, आणि माझ्या बाहीत तोंड खुपसून अशी रडली की येणारेजाणारे थांबले. त्यांना वाटले, वरच्या नावांपैकी कोणीतरी आमचे असेल.

होतेच की.

ती पुढे बाईंसारखी इतिहास शिकविणार म्हणते. मी नको म्हणत नाही. बाई आता दर वर्षी नव्या वर्गाला घेऊन दगडापाशी येतात, आणि दर वर्षी कोणीतरी मूल विचारतेच, खाली जागा का सोडली आहे. बाई त्यांना माझ्याकडे पाठवितात. आता मी समास आहे असे म्हणत नाही. त्यांना आत बसवतो, पाणी देतो आणि सांगावयास लागतो. एकदाही शेवटपर्यंत सांगता आलेले नाही, म्हणून हे लिहून ठेविले.

वाचकहो, येथवर सोबत केलीत, आपले उपकार मानतो. लेखाखाली लेखकाने आपले पूर्ण नाव लिहावे अशी रीत आहे. परंतु पूर्ण नाव लिहावयाचे तर माझ्या नावापाठोपाठ वडिलांचे नाव येते, आणि ते लिहावयास हात अजून उचलत नाही. मुलांनी दिलेलेच नाव लिहितो.

आपला नम्र,
छिन्नीकाका